बाटलीतला वेल

गिरगावातल्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीला गॅलरी होती आणि त्या गॅलरीतून रस्त्यावरचा उजेड, लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक असे सगळेच घरात येत असे. आतल्या खोलीला मात्र खिडकी नव्हती. तिथे मोरी, स्टोव्ह, मांडणी, देवांचा कोनाडा आणि आमची आत्या. आत्या विसाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आली, ती त्या खोलीचीच झाली. भर दुपारीही दिवा लावल्यावाचून तिथे तांदळातला खडा दिसत नसे. आणि दिवसा दिवा लावणे आमच्या घरी उधळपट्टीत जमा होते.

त्या खोलीत मांडणीच्या वरच्या फळीवर, औषधाच्या रिकाम्या बाटलीत एक मनीप्लँटचा वेल होता. साल १९६५ च्या आसपासचे असावे. मनीप्लँट चोरून आणला तरच घराला लाभतो, असा त्या वेळी समज होता, अजूनही आहे. दुसऱ्याच्या दारातली दूर्वासुद्धा विचारल्याशिवाय न खुडणाऱ्या आमच्या आत्याने आयुष्यात एकच चोरी केली. एका दवाखान्याच्या पायरीवरील कुंडीतून तिने तीन पानांचा एक तुकडा खुडला आणि पदराखाली लपवून घरी आणला. पैसा काही आला नाही. वेल मात्र राहिला.

राहिला म्हणजे कसा? वर्षाकाठी चार-पाच पाने यायची, चिंचेच्या बोटकाएवढी नाही तरी विड्याच्या कोवळ्या पानाएवढी. दोन पानांमधला देठ मात्र वीतभर लांब. शेजारच्या काकू येता-जाता म्हणत, “किती गुणी वेल आहे हो! ना माती, ना ऊन. ह्याला काही लागत नाही.” आमच्या घरी आत्याविषयीही सगळे हेच म्हणत. तिला काही लागत नाही. आम्हा मुलांना ही दोन वाक्ये एकाच सुरात ऐकण्याची इतकी सवय झाली होती, की त्यांत काही विचारण्यासारखे आहे असे कोणाच्या मनातही आले नाही.

पुढे १९८० नंतर केव्हातरी मे महिन्यात वेंगुर्ल्याकडे एका स्नेह्याच्या घरी गेलो होतो. परसात जुना फणस होता आणि त्याच्या खोडाला मिठी मारून एक दांडगा वेल पार वरपर्यंत चढला होता. अंगठ्याहून जाड खोड, आणि पाने म्हणजे सुपाएवढी. शिवाय कडेपासून मधल्या शिरेपर्यंत ठिकठिकाणी फाटलेली. मी विचारले, हा कसला वेल? स्नेह्याच्या आई हसल्या. म्हणाल्या, “अहो, मनीप्लँट तो! बाटलीत कंटाळा आला म्हणून इथे टाकून दिला होता.”

मी त्या फणसाखाली बराच वेळ उभा राहिलो. ज्याला काही लागत नाही असे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत आलो, तोच हा. मग त्याला खरोखर लागते तरी किती, हे पाहण्याच्या नादाला लागलो. ग्रंथालयांतून आणि इकडून तिकडून जे हाती आले, ते येथे सांगतो. दिवाळीच्या अंकात ते अस्थानी होणार नाही, कारण ही हकीकत सुरू होते तीच मुळी एका दिव्यापासून.

इंग्लंडातल्या लीड्स या गावी जोसेफ प्रीस्टली नावाचे एक धर्मोपदेशक राहत. प्रवचनातून उरलेला वेळ ते हवेवरच्या प्रयोगांत घालवीत. बंद काचपात्रात मेणबत्ती ठेवली तर ती थोड्या वेळाने विझते आणि त्या नासलेल्या हवेत उंदीरही जगत नाही, हे ठाऊक होते. १७ ऑगस्ट १७७१ रोजी प्रीस्टलींनी अशा विझलेल्या मेणबत्तीच्या हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. २७ तारखेस पाहिले, तो त्याच हवेत दुसरी मेणबत्ती छान जळू लागली! दिव्याने बिघडवलेली हवा पुदिन्याने दुरुस्त केली होती.

पण पुढे मोठी पंचाईत झाली. हाच प्रयोग दुसऱ्यांनी केला, तर कधी जमे, कधी फसे. स्वीडनमधील शेले या रसायनशास्त्रज्ञाला तर उलटाच अनुभव आला. झाडांनी हवा अधिकच बिघडवली. खुद्द प्रीस्टलींनाही नंतर दर वेळी तसाच निकाल मिळेना. झाड तेच, काचपात्र तेच. मग कमी पडत होते ते काय?

हे कोडे सोडविले यान इंगेनहाउस या डच वैद्याने. हे गृहस्थ देवीची लस टोचण्यात निष्णात होते. ही लस म्हणजे पुढे जेन्नरने काढली ती नव्हे. देवीच्याच फोडातला अंश घेऊन टोचण्याची त्याआधीची रीत. १७६८ साली व्हिएन्नाला जाऊन त्यांनी महाराणी मारिया थेरेसाच्या कुटुंबास देवी टोचल्या आणि राजवैद्याचे पद मिळविले. इतकी प्रतिष्ठा असलेला हा माणूस १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळ खेड्यात एक घर भाड्याने घेऊन राहिला आणि तीन महिन्यांत पाचशेहून अधिक प्रयोग करून मोकळा झाला. पाण्यात पाने बुडवून त्याने ती उन्हात ठेवली. पानांवर चिमुकले बुडबुडे धरले, वर आले. सावलीत ठेवताच बुडबुडे थांबले. हा उन्हाच्या उष्णतेचा तर प्रताप नसेल? म्हणून त्याने अंधारात ऊब देऊन पाहिली, बुडबुडे नाहीत. म्हणजे काम करतो तो उजेड. आणि तेही झाडाच्या हिरव्या भागांतच. रात्री हेच झाड आपल्यासारखेच हवा थोडीफार बिघडवते. प्रीस्टली आणि शेले दोघेही खोटे बोलत नव्हते. आपले काचपात्र खिडकीपासून किती दूर आहे, हे नोंदवून ठेवण्याचे मात्र कोणाला सुचले नव्हते.

एक योगायोग सांगण्याजोगा आहे. प्रीस्टलींनी १७७४ साली प्राणवायू शोधला तो बोवुड नावाच्या एका उमरावाच्या वाड्यात. आणि इंगेनहाउस १७९९ साली वारला तोही त्याच वाड्यात.

झाडाला उजेड लागतो हे अशा रीतीने ठरले. पण झाड घरात आणावयाचे, तर घरात उजेड हवा ना? त्या काळी इंग्लंडात खिडक्यांवर कर होता. १६९६ साली बसविलेला हा कर १८५१ पर्यंत चालला. कर वाचविण्यासाठी लोक खिडक्या विटांनी बुजवून टाकीत. तशा बुजलेल्या खिडक्या तिथल्या जुन्या घरांवर अजून दिसतात. काचेवर निराळी जकात होती, ती १८४५ साली उठली. उजेड ही तेव्हा शब्दशः विकत घेण्याची वस्तू होती, आणि गरिबाने ती घेऊ नये अशीच एकंदर व्यवस्था होती.

या काळोख्या लंडनच्या पूर्व भागात नॅथनिएल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना नेच्यांचा भारी षोक. पण कोळशाच्या धुराने त्यांची सगळी झाडे मरून जात. १८२९ साली एका पतंगाचा कोश उलगडताना पाहावा म्हणून त्यांनी तो ओलसर मातीत, झाकण लावलेल्या बाटलीत ठेवला. थोड्या दिवसांनी पाहतात तो मातीतून एक नेचा आणि एक गवताचे पाते उगवलेले! बाटलीतला ओलावा आतल्या आत फिरत होता, धूर आत येत नव्हता, आणि काचेतून उजेड मात्र येत होता. जवळजवळ चार वर्षे ती रोपे त्या बाटलीत जगली. डॉक्टर परगावी असताना झाकण गंजले आणि पावसाचे पाणी आत गेले, तेव्हा कुठे ती मेली.

यातूनच वॉर्ड यांची काचपेटी जन्माला आली. त्यापूर्वी जहाजाने आणलेली झाडे वाटेतच मरत. तळघरात ठेवावी तर अंधाराने, डेकवर ठेवावी तर खाऱ्या तुषारांनी. १८३३ साली वॉर्ड यांनी दोन पेट्या जहाजाच्या डेकवर ठेवून सिडनीला धाडल्या. सहा महिन्यांनी झाडे जिवंत पोहोचली. परतीला तिथले नेचे भरून पेट्या निघाल्या आणि आठ महिन्यांनी लंडनला सुखरूप उतरल्या. मग काय विचारता! रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून हजारो चहाची रोपे हिंदुस्थानात आणली ती याच पेट्यांतून. आज सकाळी फराळाबरोबर आपण जो चहा घेतला, त्याच्या काही भाऊबंदांनी तरी काचेआडून उजेड खातच समुद्र ओलांडला होता.

काच स्वस्त झाली, तशी झाडे मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात आली. तरी धूर होताच, जाड पडदे होते आणि गॅसचे दिवे होते. त्या गॅसमधला एथिलिन हा वायू झाडांना बाधतो, हे १९०१ साली नेल्युबोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. तोवर लोकांना अनुभवाने एवढेच कळले होते, की या खोलीत एकच झाड टिकते. त्याचे नाव ॲस्पिडिस्ट्रा. लांबट, गर्द हिरवी, जमिनीतून सरळ वर येणारी पाने. पूर्वेकडच्या जंगलांतील गर्द सावलीत वाढणारे हे झाड लंडनच्या धुरकट कोपऱ्यांत टिकले आणि ‘बिडाचे झाड’ असे त्याला टोपणनाव पडले. पुढे ते इतके घरोघर झाले, की आपल्या मोतिहारीला जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलने १९३६ साली एका कादंबरीच्या नावातच त्याला बसविले. तिथे ते झाड म्हणजे कुढत, अब्रू सांभाळत जगण्याची निशाणी आहे. आपल्या मनीप्लँटचा हा विलायती थोरला भाऊच म्हणावयाचा. त्यालाही काही लागत नाही, असेच तिथले लोक म्हणत.

आता आपल्या वेलाकडे वळू. त्याचे माहेर पॅसिफिक महासागरातले, ताहितीच्या शेजारचे मोओरेआ नावाचे लहानसे बेट. १८८० साली बेल्जियममधील एका सचित्र उद्यानविषयक नियतकालिकात लिंडेन आणि आंद्रे यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. पानांवरच्या पिवळ्या शिंतोड्यांमुळे नावात ‘सोनेरी’ या अर्थाचा लॅटिन शब्द घातला. हा शब्द कायम राहिला, पण त्याच्या पुढचे कुलनाव मात्र तीनदा बदलले. पोथोस झाले, स्किंडॅप्सस झाले, १९६० च्या दशकाच्या आरंभी ऱ्हॅफिडोफोरा झाले आणि त्याच दशकात अखेर एपिप्रेम्नम ठरले. याला कारण असे, की वनस्पतीचे कूळ ठरते फुलावरून. आणि हा पठ्ठ्या फुलतच नाही. फुलण्यास लागणारे एक द्रव्य तयार करणारा जनुक त्याच्यात बिघडलेला आहे, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सांगितले. म्हणजे जगभर जे हे वेल आहेत ते बहुतेक सगळे तुकड्यावरून तुकडा असेच पसरलेले. दवाखान्याच्या पायरीवरून आत्याने केलेली चोरी ही त्या मोठ्या मालिकेतली एक लहानशी चोरी होती.

हा वेल मुळात रानातला. रानात जमिनीवर उजेड फारच थोडा पोहोचतो. तिथे कोवळ्या वेलाने लहान पाने काढावी, खर्च कमी ठेवावा आणि सरपटत राहावे, हाच शहाणपणा. खोड सापडले की त्याला मुळ्यांनी धरून वर चढावे. आणि जसजसा उजेड वाढेल, तसतशी पाने मोठी करावी. मोकळ्या जागी, झाडाच्या आधाराने, ती मीटरभर लांबही होतात. तेव्हा बाटलीतला वेल आणि फणसावरचा वेल हे दोन निराळे प्रकार नव्हेत. बाटलीतला वेल सबंध आयुष्य बाळपणातच काढीत असतो.

याच अळूच्या कुळातल्या मॉन्स्टेरा वेलाची एक गोष्ट तर अगदी मन धरून ठेवणारी आहे. १९७५ साली स्ट्राँग आणि रे या दोघांनी कोस्टारिकाच्या रानात पाहिले, की त्याची कोवळी रोपे उजेडाकडे न जाता अंधाराकडे सरपटतात. का? तर रानात सर्वांत काळोखी जागा म्हणजे मोठ्या झाडाचे खोड. ते सापडले की मगच वर चढून उजेड गाठता येतो. कोणी अर्ध्या वाटेवर पाहिले, तर त्याला खुशाल वाटावे की या वेलाला अंधारच आवडतो!

उजेडाचा हिशोब समजण्यास सोपा आहे. एक मेणबत्ती एका मीटरवरून जेवढा उजेड टाकते, तो सुमारे एक लक्स. भर दुपारचे ऊन सुमारे एक लाख लक्स, म्हणजे लाखभर मेणबत्त्या. चांगल्या खिडकीशी, ऊन थेट येत नसेल तर, हजार-दोन हजार. खोलीच्या मध्यावर दोन-चारशे. आणि आमच्या आतल्या खोलीसारख्या ठिकाणी शंभराच्याही खाली. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण डोळा अंधारात आपणच सरावतो. पान तसे सरावून फसत नाही. त्याची मिळकत मेणबत्त्यांवर मोजली जाते. मिळकत आणि खर्च यांची तोंडमिळवणी झाली, की वेल नुसता राहतो. मिळकत थोडी वाढली, की तो वाढतो. त्याहून कमी झाली, की साठवणीतले खात खात हळूहळू संपतो. आणि मनीप्लँटला संपायला इतका वेळ लागतो, की घरच्या माणसांना वाटते तो सुखात आहे.

अमेरिकेत फ्लॉरिडा प्रांतात अशा झाडांचे मोठे मळे आहेत. तिथे १९७० च्या दशकात असा अनुभव येई, की उन्हात वाढविलेली टवटवीत झाडे घरात नेताच पाने टाकतात. तेव्हा तिथल्या संशोधकांनी विक्रीपूर्वी काही काळ झाडांना जाळीच्या सावलीत ठेवण्याची पद्धत बसविली. झाडाला कमी उजेडाची सवय लागते हे त्यातून दिसले. पण त्या सवयीलाही तळ आहे, हेही दिसले.

तेव्हा घरच्या मंडळींसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. दुपारी वेलाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावली रेखीव पडली तर उजेड भरपूर. पुसट पडली तर वेलाला पुरेसा. मुळीच पडली नाही तर वेलाला तिथून हलवा. पूर्वेची खिडकी उत्तम. दुपारचे कडक ऊन मात्र थेट नको. घरात वाढलेली पाने त्याने करपतात. पानांवरचे पिवळे शिंतोडे नाहीसे होऊन नवी पाने नुसती हिरवी येऊ लागली, देठ लांबत चालले, की समजावे, वेल काटकसरीवर आला आहे. पिवळ्या भागाला कमाई नसते. गरिबीत तो परवडत नाही. खिडकीच नसेल तर पांढऱ्या दिव्याजवळ रोज दहा-बारा तास ठेवा. उजेड पुरेसा असला की तो सूर्याचा की विजेचा, याबद्दल पानाची तक्रार नसते. आणि चढावयास एखादी काठी द्या. मोठ्या पानाला उजेड आणि आधार, दोन्ही लागतात.

आता राहिली आत्या.

१९७६ साली आम्ही चाळ सोडून पार्ल्याच्या एका लहानशा ब्लॉकमध्ये राहावयास गेलो. तिथल्या स्वयंपाकघराला पूर्वेकडे खिडकी होती. सामान लावताना ती बाटली कोणीतरी त्या खिडकीत ठेवली. मुद्दाम नव्हे, दुसरीकडे जागा नव्हती म्हणून. तो पावसाळा संपेपर्यंत वेलाची नवी पाने तळहाताएवढी झाली होती आणि त्यांवर सोनेरी शिंतोडे आले होते. आम्ही सगळ्यांनी त्याचे कौतुक केले.

दुसरी एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली. सकाळची आन्हिके आटोपली, की आत्या त्या खिडकीशी पाट टाकून बसे आणि वर्तमानपत्र वाची. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिरातींसकट. मग माझी पुस्तके नेऊ लागली. दिवाळी अंक तर तिने त्या वर्षी सगळ्यांच्या आधी वाचून काढले. तिला वाचनाचे वेड असेल अशी आम्हाला कल्पनाच नव्हती. मी एकदा सहज म्हणालो, “आत्या, तुला वाचायला आवडतं हे कधी बोलली नाहीस.”

ती पान उलटत म्हणाली, “आवडायचं रे पहिल्यापासून. पण तिथं दिसायचं कुठं?”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने वर पाहिलेसुद्धा नाही. त्या अंधाऱ्या खोलीत तिने तीसहून अधिक वर्षे काढली होती. आणि तेवढ्या काळात आमच्यापैकी कोणीही, मीसुद्धा, तिचा पाट उचलून गॅलरीत नेला नव्हता. गॅलरी दहा पावलांवर होती.

त्यानंतर ती अकरा वर्षे जगली आणि वाचीत राहिली. तिच्या त्या वेलाचा तुकडा आज माझ्या खिडकीत आहे. मी त्याला माती दिली आहे आणि काथ्या गुंडाळलेली एक काठी. गेल्या वर्षी त्याचे एक पान प्रथमच कडेला फाटले. घरातल्या लहानग्यांना वाटले, कोणीतरी ओरबाडले. मी त्यांना फणसावरच्या वेलाची गोष्ट सांगितली.

आज संध्याकाळी आपण दारात पणत्या लावू. पणती जळते ती हवेतल्या प्राणवायूवर, आणि तो प्राणवायू दिवसा उजेडात हिरव्या पानांनी केलेला असतो. लीड्सच्या त्या पुदिन्याने एवढेच तर सांगितले होते. पणत्या लावून झाल्या, म्हणजे एकदा घरातून फेरी मारा. कपाटावर, फ्रिजवर, जिन्याच्या कोपऱ्यात एखादी बाटली असेलच. ती खिडकीशी नेऊन ठेवा. आणि आतल्या खोलीत कोणी बसले असेल, तर त्यांनाही बाहेर बोलवा. कंदील गॅलरीतूनच चांगला दिसतो.